तालमीतल्या पैलवानाला एमएमएत प्रो व्हायचंय, कोल्हापुरात राहून जमेल का?

विचारणारा पोरगा वीस वर्षांचा आहे, करवीर तालुक्यातला, सहा वर्षं कोल्हापुरात तालमीत राहतोय, मॅटवर ७४ किलोला खेळतो. त्याला एमएमएत, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं त्या मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये, प्रो म्हणजे पैसे घेऊन लढणारा फायटर व्हायचंय. त्यानं विचारलंय की इथल्या जिममध्ये राहून तयारी होते का मुंबई, दिल्ली नाहीतर तयारीसाठी थेट इंडोनेशियातली बाली गाठावी लागेल, पहिली फाइट किती महिन्यांत मिळेल, वस्तादांना अजून सांगितलेलं नाही ते कसं सांगू, आणि घरात वडील नको म्हणतायत त्यांचं काय करू.

भावा, सगळ्याची उत्तरं देतो, पण तू विचारलेल्या क्रमानं नाही. मी स्वतः तेरा वर्षं मातीत काढली, नंतर बॉक्सिंग आणि जिउ-जित्सू शिकायला बाहेर राहिलो आणि गेली अकरा वर्षं कोल्हापुरात पोरं तयार करतोय, त्यातली थोडीच प्रो लढलीत, बाकीची अमॅच्युअरपर्यंत गेली आणि बरीचशी मधेच सोडून गेली. सोडून गेलेल्यांत पैलवान जास्त आहेत. का, ते आधी सांगतो, कारण तुझ्या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी तेच आहे.

गोष्ट पाठीची आहे. तुला पहिल्या दिवसापासून एकच शिकवलंय, पाठ लागली की कुस्ती गेली. म्हणून खाली गेलास की तू पोटावर पडतोस, कोपरं आत, हनुवटी छातीला, मग वरचा कुंदा मारू दे नाहीतर सवारी भरू दे, तू पाठ काय लावू देत नाहीस, आणि हे तू विचार करून करत नाहीस, ते अंगात गेलंय. आता एमएमएत नेमकं हेच तुला मारतं. तिथं पाठ जमिनीला लागली तर काहीच होत नाही, फाइट चालूच राहते, पण पाठ समोरच्याला दिलीस की तो मागून पाय अडकवतो आणि हात गळ्याखाली घालतो, आणि मग तुझी मान कितीही जाड असू दे, दोन्ही बाजूच्या शिरा दाबल्या गेल्या की सात-आठ सेकंदात डोळ्यापुढं अंधार.

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडं एक पैलवान आला होता, ऐंशी किलोच्या पुढचा, गावाकडच्या मैदानांत चांगल्या जोडीत लढणारा. त्याच्यासमोर मी ६१ किलोचा पोरगा दिला, दिवसभर उद्यमनगरात कारखान्यात लेथवर उभा राहून येतो, अंगाला तेलाचा वास असतो. ठोसे नाहीत, फक्त पकड, पाच मिनिटं. पैलवानानं पाच सेकंदात दुहेरी पट काढून, म्हणजे दोन्ही पाय धरून, त्याला असा आदळला की भिंतीजवळची पोरं ओरडली. पण पोरगा खाली पडता पडताच पाय त्याच्या कमरेला गुंडाळून बसला होता. पैलवान वरून दाबत राहिला, वाट बघत राहिला की कुणीतरी शिट्टी मारेल. पोरानं खालून कंबर सरकवली, एक पाय मांडीला टेकवला आणि उलटवला त्याला, आणि पैलवान सवयीनं गर्रकन पोटावर. दुसऱ्या क्षणाला पोरगा त्याच्या पाठीवर होता. टॅप, म्हणजे हातानं थोपटून हार मानली. परत उभे, परत पट, परत तेच. पाच मिनिटांत चार वेळा. नंतर तो भिंतीला टेकून बसला, टॉवेल डोक्यावर, आणि मला म्हणाला, "वस्ताद, माझी पाठ तर लागलीच नव्हती की."

त्या एका वाक्यात सगळं आलं बघ. तो हरला हे त्याला पटतच नव्हतं कारण ज्या नियमानं तो आयुष्यभर लढला त्या नियमानं तो खरंच हरला नव्हता. तो दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशी आला आणि अजून येतोय. जे दुसऱ्या दिवशीही येत नाहीत आणि तिसऱ्याही दिवशी येत नाहीत, त्यांची ताकद कमी नसते, त्यांना मोठ्या मैदानात नाव झाल्यावर ६१ किलोच्या पोराकडून परत अ आ इ ई शिकणं जड जातं.

हे काय कोल्हापूरला नवीन नाही. खाशाबा जाधव १९४८ ला लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मातीतले पैलवान होते, मॅट नवी, नियम नवे, तिथं सहावे आले. चार वर्षांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. माणूस तोच, ताकद तीच, मधली चार वर्षं गेली ती नवीन नियम अंगात मुरवण्यात. तू जे करायला निघालास ते माती सोडून मॅटवर जाण्यापेक्षा लांबचं आहे, कारण इथं ठोसे, लाथा, कोपर, गुडघे सगळं आहे. तेव्हा किती महिने विचारू नको. तू रोज दोन वेळा येणार असलास तर पहिली अमॅच्युअर फाइट साधारण वर्षभरानं, आणि प्रो अडीच-तीन वर्षांच्या आत माझ्याकडं मागायची नाही.

आता तुझ्याकडं काय आहे तेही सांगतो, नाहीतर वाटेल हा नुसता घाबरवतोय. तुझा तोल, तुझी पकड, समोरच्याच्या अंगाला हात लागला की त्याचं वजन कुठल्या पायावर आहे ते कळणं, हे बॉक्सिंगमधून आलेल्या पोराला पाच वर्षांत येत नाही. खडाखडीत मानेवर हात ठेवून तू जे खेळतोस ते पिंजऱ्याच्या जाळीला समोरच्याला दाबून धरायला जसंच्या तसं कामाला येतं. डावांचं म्हणशील तर आतली टांग चालते, बगलडूब तर सोन्यासारखी चालते, ढाक चालते पण जपून, कारण ढाक फसली की तू परत पाठ देऊन बसतोस.

एकेरी पट चालतो, फक्त डोकं कुठं ठेवतोस ते बदलावं लागणार. डोकं समोरच्याच्या बाहेरच्या बाजूला आणि मान खाली राहिली की तो वरून हात घालून गळा धरतो, त्याला गिलोटिन म्हणतात. आपल्याच मुंबईचा भरत खंडारे, यूएफसीत म्हणजे एमएमएच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत लढलेला पहिला भारतीय, २०१७ च्या नोव्हेंबरात शांघायला सोंग यादोंगसमोर पहिल्याच राउंडला गिलोटिनमध्येच गेला. आणि रितू फोगाट, घरातच कुस्ती, कॉमनवेल्थ चॅम्पियनशिपचं सोनं असलेली पैलवान, २०२१ च्या डिसेंबरात वन चॅम्पियनशिप या आशियातल्या मोठ्या स्पर्धेच्या ग्रां प्रीच्या फायनलला पोचली, आणि तिथं थायलंडच्या स्टॅम्पनं तिला दुसऱ्या राउंडला आर्मबारमध्ये, म्हणजे कोपर उलटं ताणणाऱ्या पकडीत, टॅप करायला लावलं. स्टॅम्प मुळात मुए थाईवाली, म्हणजे उभ्यानं मारणारी. पैलवानाला जमिनीवर हात ताणून हरवलं लाथा मारणारीनं. ही फाइट मी प्रत्येक नवीन पैलवानाला दोनदा दाखवतो.

आणखी एक, पंच गुण कशाला देतात ते समजून घे. कुस्तीत पट काढला की गुण बोर्डावर लागतो. एमएमएत नुसतं पाडून वर बसलास, काही मारलं नाहीस, गळा-हात काही धरायचा प्रयत्न केला नाहीस, तर पंच त्याला फार किंमत देत नाहीत, ते बघतात मार कुणाचा लागला, आणि रेफ्री थोडा वेळ बघून उभं करतो. मग तुझा दम गेलेला आणि समोरचा ताजा. मॅटवरची तुझी कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन राउंडची असते, इथं प्रोला पाच-पाच मिनिटांचे तीन राउंड, मधे एक मिनिट. सहा मिनिटांचा दम पंधरा मिनिटांचा करायचा म्हणजे नुसते जोर-बैठका वाढवून होत नाही, कुठं ताकद लावायची नाही ते शिकावं लागतं, आणि पैलवानाला ताकद न लावणं सगळ्यात अवघड.

आता जिमचं. कोल्हापुरात जमेल का, तर पाऊण वाट नक्की जमते, पण कुठल्या जिममध्ये यावर आहे. हल्ली काय झालंय की बाहेर बोर्डावर पिंजऱ्याचा फोटो लावला आणि आत चार बॅग टांगल्या की एमएमए जिम. तू जाऊन आधी आठवडाभर नुसता बस आणि बघ. यंत्रं बघू नको, जोड बघ. तालमीत तुला कळतंच, वस्ताद कितीही मोठा असला तरी तुझ्या वजनाची जोड नसेल तर तू वाढत नाहीस. इथं तर चार-पाच तऱ्हेच्या जोडी लागतात, एक तुझ्यापेक्षा जड जो तुला दाबेल, एक हलका आणि चपळ, एक डावखुरा उभा राहणारा, एक ज्याचे हात चांगले, आणि एक ज्याच्याखाली तू गेलास की तुला श्वास घेता येणार नाही. यातले दोनच असतील तर ती जिम फिटनेसला ठीक, प्रो व्हायला नाही.

आमचं स्वतःचं सांगायचं तर पत्र्याची शेड आहे, उन्हाळ्यात भट्टी होते. सुरुवातीला मॅट घ्यायला पैसे होते, जाळीच्या भिंतीला नव्हते. उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेशनवाल्यानं पाइप वाकवून सांगाडा करून दिला, जाळी ताणून बसवली आणि रिक्षाची सीट शिवणाऱ्या कारागिरानं फोम घालून रेक्झिनची गादी शिवली पाइपांना. पूर्ण पिंजरा नाही, एका बाजूची वीस फूट भिंत. पण तेवढी पुरते, कारण फाइटचा निम्मा वेळ जाळीलाच जातो आणि मातीत असलं काही नसतंच, हौद्यात, म्हणजे मातीच्या आखाड्यात, मागं सरकत गेलास तर पंच मधे आणून उभं करतो. जाळीला पाठ टेकवून उभं राहायचं कसं, तिथून उठायचं कसं, हे ज्या जिममध्ये शिकवत नाहीत तिथं प्रोची तयारी होत नाही.

मग बघ की स्पॅरिंग, म्हणजे सरावाची लढत, कशी चालते. रोज संध्याकाळी पोरं एकमेकांची डोकी फोडत असतील आणि कोच मोबाइलवर शूट करत असेल तर उठून ये. आमच्याकडं जोरात स्पॅरिंग आठवड्यातून एकदाच, शनिवारी, सोळा औंसचे ग्लोव्हज, शिन गार्ड, माऊथगार्ड, ग्रॉइन गार्ड सगळं घालून. बाकी दिवस हलक्या हातानं. हा नियम मी शिकून केलाय आणि शिकायची किंमत माझ्याकडं शिकणाऱ्या एका पोरानं दिली.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. पोराची फाइट सतरा दिवसांवर होती आणि स्पॅरिंगमध्ये त्याला कानाच्या वर एक राइट हँड बसला. पडला नाही, फक्त एक पाऊल चुकलं आणि हसला. मी राउंड चालू ठेवला. नंतर पट्ट्या सोडताना त्यानं मला तेच विचारलं जे दोन मिनिटांपूर्वी विचारलं होतं, "आज कुठला राउंड झाला?" मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. मी म्हटलं दमलाय, झोपला की बरा होईल. तिकीट काढलेलं होतं, प्रोमोटरला शब्द दिलेला होता, मी त्याला फाइटला नेला आणि पहिल्या मिनिटातच एवढ्याशा ठोशावर तो गेला, जो ठोसा त्यानं जिममध्ये हजारदा खाल्लेला. पुढं तीन-चार महिने त्याचं डोकं दुखायचं, उजेड सहन व्हायचा नाही, दुकानात हिशेब चुकायचे. तो आता बरा आहे, लग्न झालं, पण लढत नाही. चूक माझी होती आणि त्याच्या आईला मी ती तशीच सांगितली.

त्यामुळं आता आमच्याकडं डोक्याला मार लागून पाऊल चुकलं, विसरलं, मळमळलं, यातलं काहीही झालं की त्या दिवसाचं सगळं बंद, डॉक्टर, आणि कमीत कमी महिनाभर डोक्याला एकही ठोसा नाही, बेशुद्ध पडला असेल तर तीन महिने. फाइट रद्द झाली तर झाली. पहिला मार भरायच्या आत दुसरा बसला तर मेंदूला जी सूज येऊ शकते ती माणसाला उठू देत नाही. तू ज्या जिममध्ये जाशील तिथल्या कोचला सरळ विचार, तुम्ही शेवटचं कुणाला फाइटमधून बाहेर काढलं होतं आणि का. ज्याच्याकडं याचं उत्तर नाही त्याच्याकडं जाऊ नको.

मॅट कधी पुसतात तेही विचार. माती आपली वेगळी असते, त्यात हळद, ताक, तेल, लिंबू घालून ती सांभाळलेली असते. रेक्झिनच्या मॅटवर घाम सांडला आणि तसाच राहिला की नायटा एकाला झाला की पंधरा दिवसांत सगळ्या बॅचला. आणि नायटा झाला की मेडिकलमधून कुणीतरी सांगितलेली ट्यूब लावू नको रे, त्यातल्या बऱ्याच ट्यूबांत स्टिरॉइड असतं, दोन दिवस खाज थांबते आणि नंतर तो इतका पसरतो की महिने जातात. चामडीच्या डॉक्टरकडं जायचं आणि तो म्हणेपर्यंत मॅटवर यायचं नाही. आमच्याकडं दोन वेळा जंतुनाशकानं पुसतात, सकाळची बॅच झाली की एकदा आणि रात्री एकदा, आणि पोरंच पुसतात, जो सिनियर तो आधी फडकं उचलतो. तालमीत माती उकरायला सिनियर पैलवानच पुढं असतो ना, तसंच.

वजनाचं आता. तू ७४ ला खेळतोस म्हणजे तुझं एरवीचं वजन ७७-७८ असणार. प्रो एमएमएत तुझ्यासाठी दोन जागा, ७०.३ किलोचं लाइटवेट आणि ७७.१ चं वेल्टरवेट. सगळी पोरं म्हणतात खाली जातो, म्हणजे समोरचा लहान मिळेल. प्रोत वजन आदल्या दिवशी होतं, म्हणून पोरं अंगातलं पाणी काढतात, गरम पाण्यात बसतात, प्लास्टिकचा सूट घालून पळतात, आणि चोवीस तासांत परत भरतात. पण पाणी काढलेल्या माणसाचं डोकं मार सहन करत नाही, आणि किडनीला जे होतं ते वेगळंच. २०१५ ला यांग जियान बिंग नावाचा चिनी फायटर वजन तोडताना गेला आणि त्यानंतर वन चॅम्पियनशिपनं वजनाबरोबर अंगातल्या पाण्याचीही टेस्ट चालू केली. आपल्या कुस्तीतलं तर सगळ्यांना माहीत आहे, २०२४ ला पॅरिसला विनेशचे १०० ग्रॅम. तिनं रात्रभर काय काय केलं ते वाचलंस ना. तेव्हा पहिली दोन-तीन वर्षं तू एरवीच्या वजनाजवळ लढ. अमॅच्युअर टूर्नामेंटला तर लढायच्या रोज सकाळी वजन होतं, तिथं पाणी काढून भागतच नाही.

अमॅच्युअर का आधी, तर तिथं तीन-तीन मिनिटांचे राउंड असतात, ग्लोव्हज जाड, शिन गार्ड, कोपर नाही, टाचेला पिरगाळणं नाही. हरलास तर प्रोच्या रेकॉर्डला लागत नाही. प्रोचं रेकॉर्ड मात्र आयुष्यभर राहतं, ०-२ झालं, म्हणजे पहिल्या दोन्ही हरलास, की पुढचा प्रोमोटर तुला फक्त कुणाला तरी जिंकवायला बोलावतो. आणि असले फोन येतात, दहा दिवसांवर फाइट आहे, एकजण जखमी झाला, येतोस का म्हणून. नवीन पोराला वाटतं नशीब उघडलं. समोरचा कोण, त्याच्या किती फाइट झाल्यात, वजन कुठलं, डॉक्टर रिंगसाइडला आहे का, रक्ताच्या टेस्ट घेणार का, हे सगळं कोचनं विचारायचं असतं, तू नाही. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, डोळे, हे रिपोर्ट मागत नसतील तर त्या फाइटला जायचंच नाही, कारण पिंजऱ्यात रक्त समोरच्याचं तुझ्या डोळ्यात जातं.

पैशाचं खरं सांगतो. गावोगावच्या जत्रांत तू एका हंगामात जेवढं इनाम मिळवतोस तेवढं पहिल्या दोन वर्षांत एमएमए देणार नाही. फाइटला यायचे वेगळे आणि जिंकल्याचे वेगळे असे पैसे असतात, म्हणजे हरलास तर निम्मेच. माझ्या एका पोराच्या पहिल्या प्रो फाइटच्या पैशांत त्याचा तीन महिन्यांचा दूध-बदामाचा खर्चसुद्धा निघाला नव्हता. एमएमए ऑलिंपिकमध्ये नाही, कुस्तीच्या जोरावर पोलीस, रेल्वे, सैन्यात जशी भरती होते तसा आधार इथं धरून चालू नको. देशात मोठी स्पर्धा म्हणावी तर मॅट्रिक्स फाइट नाइट, २०१९ पासून चालू आहे, त्याच्या वर रोड टू यूएफसी, म्हणजे यूएफसीत जायची निवड स्पर्धा. अंशुल जुबली त्याच वाटेनं २०२३ च्या फेब्रुवारीत जिंकून यूएफसीत गेला. पूजा तोमर २०२४ च्या जूनमध्ये यूएफसीत जिंकलेली पहिली भारतीय मुलगी, वुशू या चिनी मार्शल आर्टमधून आलेली, आणि ती बालीला जाऊन तयारी करत होती. म्हणजे तू बालीचं म्हणतोस ते चुकीचं नाही. पण ती गेली तेव्हा तिच्या मागं वर्षानुवर्षांचा अनुभव होता. तू आज गेलास तर तिथं पैसे भरणारा एक पाहुणा असशील, कोच तुझं नावही लक्षात ठेवणार नाही. पाच-सहा अमॅच्युअर फाइट कर, मग महिना-दोन महिने मुंबईला जा, तिथल्या जोडी बघ, परत ये. तोवर तुलाच कळेल बालीत काय आणायला जायचंय.

आणि तालीम सोडू नको. सकाळी तालीम, संध्याकाळी जिम. पैलवान तालीम सोडतो, सहा महिने पॅड मारतो आणि त्याला वाटायला लागतं मी बॉक्सर झालो, आणि मग फाइटमध्ये खऱ्या बॉक्सरसमोर उभा राहून मार खातो, पट काढायचंच विसरतो. तुझी कुस्ती हाच तुझा हुकमाचा एक्का, तो गंजू द्यायचा नाही.

त्यासाठीच वस्तादांना आधी सांग. लपवून जिमला गेलास तर दुसऱ्या दिवशी त्यांना कळणार, कोल्हापूर केवढं आहे. मी सांगितलं तेव्हा माझे वस्ताद आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते. आठव्या दिवशी सकाळी हौद्यात मला बोलावलं, समोर बसवलं आणि विचारलं, तिथं मानेला काय करतात ते दाखव. मी त्यांच्या गळ्याला हात घातला, हळू. त्यांनी दोन मिनिटं विचार केला आणि मनगट धरून हनुवटी अशी आत घेतली की मला पुढं दाबताच येईना. आजही तो बचाव मी पोरांना शिकवतो. तू जाताना नारळ घेऊन जा, पाया पड, आणि परवानगी माग, नुसतं सांगू नको. ते नाही म्हणाले तर महिनाभर तालमीत आधीपेक्षा जास्त मेहनत कर आणि परत विचार.

वडिलांना पिंजऱ्यातले व्हिडिओ दाखवू नको. जिमवर घेऊन ये, मंगळवारचा नाहीतर बुधवारचा दिवस बघून, खुर्ची देतो, दोन तास बसू देत. माझ्याशी बोलू देत, मार किती लागतो, पैसे किती मिळतात, जे तुला सांगितलं तेच त्यांना सांगणार, कमी-जास्त नाही. आणि तुझं कॉलेज चालू असेल तर ते पूर्ण कर, कारण सगळं नीट झालं तरी पस्तिशीनंतर लढणारे थोडे.

इंजेक्शनचं सांगायचं राहिलं. आपल्या भागात तालमीत आणि जिममध्ये पोरांना मेफेंटरमाइनची इंजेक्शनं मिळायला लागलीत, टर्मिन म्हणतात, दम वाढतो म्हणून. ते औषध ऑपरेशनच्या वेळी बीपी खाली गेलेल्या पेशंटला द्यायचं आहे. धडधाकट पोरानं घेतलं की बीपी आणि हृदयाचे ठोके दोन्ही चढतात, त्यावर तो पाच मिनिटांचा राउंड खेळतो. डोपिंगच्या बंदीच्या यादीत आहे ते वेगळंच. माझ्याकडं कुणाच्या बॅगेत बाटली सापडली तर त्याला मी घरी पाठवत नाही, आधी त्याच्या घरच्यांना बोलावतो आणि डॉक्टरकडं नेतो, कारण घरी पाठवला तर तो दुसरीकडं जाऊन घेतच राहणार. तुला कुणी दिलं तर घेऊ नको आणि कुणी दिलं ते वस्तादांना सांग.

पहिल्या दिवशी कुठल्याही जिमला जाशील तेव्हा नखं कापून जा, हाताची आणि पायाची. अंघोळ करून, कोरडी टी-शर्ट, खिसा नसलेली चड्डी, कारण खिशात बोटं अडकून मोडतात. गळ्यातला ताईत, हातातलं कडं घरी ठेव. माऊथगार्ड दुकानातला गरम पाण्यात घालून चावायचा पहिल्या महिन्याला चालेल, पुढं दातांच्या डॉक्टरकडून मापाचा करून घे. कोचला विचार की मला आज फक्त खाली ठेवा, पाठीवर, आणि वरून कुणालातरी बसवा. पाठ जमिनीला लागलेली असताना शांत श्वास घ्यायचा एवढंच पहिले दोन आठवडे करायचं. पहिल्या दिवशी तुझं सगळं अंग पोटावर वळायला बघेल. वळू देऊ नको.